वाळवणखोलीतलं शेवाळ

शेवाळ काय असतं हे मला कुणी समजावून सांगू नये. हौदांच्या कडा घासण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. जरा दुर्लक्ष झालं की कोपऱ्यात हिरवी रेघ उमटते, बोट लावलं की बुळबुळीत, आणि तिथे टेकलेली चादर परत पांढरी होताना आपला जीव काढते. आमच्या धुलाईखान्यात नव्या बाईच्या हातात मी आधी चादर देत नसे, घासणी देत असे. जी कोपरे घासायची ती टिकायची. जी मधली मोकळी जागा घासून, हात झटकून उभी राहायची, तिला संध्याकाळी रामराम.

त्यामुळे माझा धाकटा शिकून परत आला आणि जेवता जेवता म्हणाला, "आई, आपल्याला हौदात शेवाळ वाढवायचंय," तेव्हा मला वाटलं पोराला ताप चढलाय.

"मुद्दाम कुणी गळू वाढवतं का रे?" मी म्हटलं.

तो हसला. शिकलेली माणसं आपल्याला हसतात तसा नाही, लहानपणी हसायचा तसा. मग त्याने ताट बाजूला सारलं आणि समजावायला बसला. शेवाळाच्या पोटात म्हणे तेल असतं. त्याला शेत नको, नांगर नको. ऊन फुकटचं. आणि आपण साबण-सोड्याचं जे पाणी मोरीत सोडून देतो, तेच त्याचं जेवण. "तेल काढायचं आणि आपल्याच बॉयलरला घालायचं. लाकूड बंद, डिझेल बंद. जमिनीतलं तेल एक दिवस संपणार, आई. हे संपत नाही. आज काढलं की परत येतं."

"परत येतं ते मला माहीत आहे," मी म्हटलं. "त्याच्याशीच तर माझं जन्माचं भांडण आहे."

माझ्या थोरल्याचा घास हातातच राहिला. ते मी पाहिलं. बॉयलर त्याच्याकडे. बाप गेला तेव्हा त्याने शाळा सोडून फावडं हातात घेतलं, म्हणून धाकट्याच्या हातात पुस्तक राहिलं. बॉयलर म्हणजे आमच्या घरातला सगळ्यात खादाड माणूस. काम असो नसो, त्याला खायला लागतं. लाकूड फोडायचं, ओलं असेल तर वाळवायचं, पहाटे उठून पेटवायचं, राख काढायची. थोरल्याच्या भुवया कायम करपलेल्या. त्याची बायको म्हणते, लग्नात भुवया होत्या, मी पाहिल्यात.

"खरंच लाकूड बंद होईल?" थोरल्याने विचारलं.

"अगदी बंद, दादा."

"मग तू खरा साहेब," थोरला म्हणाला, आणि त्या दिवसापासून धाकट्याचं नाव साहेब पडलं.

मी हौद दिले. सगळे नाही, मागच्या अंगणातले, जिथे आम्ही पूर्वी हॉटेलांच्या चादरी भिजत घालायचो. हॉटेलांनी आपापली मशीनं घेतली तसे ते कोरडे पडले होते. आता आमच्याकडे मोठं काम म्हणजे एकच, इस्पितळाचं. त्यावर आम्ही आणि दहा-बारा बायका जगत होतो. इस्पितळ आमच्याकडे का राहिलं, तर पांढऱ्यामुळे. आमच्याइतकं पांढरं कुणाकडेच निघत नसे. हे मी फुशारकीने सांगत नाही. म्हणजे फुशारकीनेच सांगते, पण खोटं नाही. सुकलेली प्रत्येक चादर मी मागच्या दारात उजेडासमोर धरून बघायची. डाग सोडा, डागाची आठवणसुद्धा दिसली तर चादर परत. बायका माझ्या पाठीमागे मला 'कडक इस्त्री' म्हणायच्या. मला माहीत होतं. नाव वाईट नव्हतं, म्हणून बोलले नाही.

आणि वाळवणखोलीचा आमचा एक नियम होता. तिथे रंग जात नसे. आत वाफेच्या नळ्या, वर दोऱ्या, गरम दमट हवा. अशा हवेत कुठलाही रंग कशालाही धरतो. म्हणून आत जाणारी बाई पांढरा एप्रन घालून जाणार, केसांची लाल फीतसुद्धा बाहेर खुंटीला. माझा नवरा एकदा खिशात रंगीत रुमाल ठेवून आत गेला, तर त्या धुलाईखान्याच्या मालकाला मी त्याच्याच कामगारांसमोर बाहेर काढलं होतं. तो आठवडाभर रुसला. नियम राहिला.

तर धाकट्याने मोरी बुजवली. धुण्याचं सगळं पाणी पाइपाने मागच्या हौदांकडे वळवलं, जुना पाइप खालून कापला आणि वर सिमेंट लिंपलं. कुठूनशी एका बाटलीत त्याने हिरवं पाणी आणलं होतं, ते हौदांत ओतलं. काही दिवसांतच हौद असे हिरवे झाले की वरून बघताना डोळ्यांना गारवा वाटावा. खोटं कशाला बोलू. रोज सकाळी उठून ते घासून टाकायला माझे हात शिवशिवत, आणि तरी मी कठड्याशी उभी राहून बघत असे. धाकटा गुडघाभर पाण्यात, पायजमा वर खोवलेला, कापडाने ते गाळतोय. एवढं शिकूनही पोरगा धुण्याच्याच पाण्यात उतरला, असं मनात यायचं आणि बरं वाटायचं.

मग त्याने पहिली अट घातली. ब्लीचिंग पावडर बंद.

"बंद म्हणजे?"

"धुण्यात पावडर टाकलीस की ती पाण्याबरोबर हौदात येणार, आणि शेवाळ मरणार. जंतूंचं म्हणशील तर चादरी उकळल्या की पुरे. पावडर फक्त दिसण्यासाठी असते, आई. डोळ्यांचे लाड."

"इस्पितळ डोळ्यांचेच पैसे देतं," मी म्हटलं. पण डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला.

दुसरी अट त्याने घातली नाही, ती आपोआप आली. गाळलेलं शेवाळ म्हणजे निव्वळ पाणी. मूठभर हिरवा चिखल आणि बाकी सगळं पाणी. ते वाळल्याशिवाय त्यातून तेल निघत नाही. उन्हात ठेवलं तर वरून पापडी धरायचं आणि आत सडायचं, वास असा की शेजारी खिडक्या लावून घेत. मग एके दिवशी मी वाळवणखोलीत गेले, तर दोऱ्यांखाली, वाफेच्या नळ्यांवर, हिरव्या ताटल्या मांडलेल्या. वर इस्पितळाच्या चादरी.

मी दारातच उभी राहिले. बायका माझ्याकडे बघत होत्या. लाल फितीसाठी जिने घर डोक्यावर घेतलं, ती आता काय करते ते बघत होत्या.

"काही दिवस, आई," धाकटा आतून म्हणाला.

मी काही केलं नाही. दार ओढून घेतलं.

थोरला मात्र आता दुप्पट लाकूड फोडत होता. चादरी सुकल्या तरी नळ्या गरमच ठेवायच्या, कारण ताटल्या ओल्या. एका दुपारी तो राख झाडत माझ्याजवळ येऊन टेकला.

"आई, एक गंमत सांगू? बॉयलर चालावा म्हणून आपण शेवाळ वाळवतोय. आणि शेवाळ वाळावं म्हणून बॉयलर चालतोय. मधे मी."

"साहेबाला सांगितलंस?"

"तो शिकलेला आहे. त्याच्या लक्षात आलं नसेल का?"

मी जेवताना विचारलं. आडपडदा न ठेवता. "या शेवाळासाठी जेवढं लाकूड जळतं तेवढं तेल त्यातून निघणार आहे का?"

"नाही," धाकटा म्हणाला.

त्याच्या आवाजात काही नव्हतं. मीठ दे म्हणावं तसा बोलला.

"नाही म्हणजे?"

"इथे नाही निघणार. हे सगळ्यांनाच माहीत आहे, आई. वाळवण्यातच सगळं जातं. पण खूप मोठ्या प्रमाणावर केलं, वाळवायची वेगळी रीत सापडली, की जमेल."

"मोठ्या म्हणजे केवढ्या?"

त्याने हात खिडकीबाहेर केला. घरं, गल्ली, पलीकडचा रस्ता, सगळं त्या हातात आलं.

"मग माझे हौद कशाला घेतलेस?"

"दाखवायला," तो म्हणाला. "पाहुणे येणार आहेत. पैसेवाले आहेत. धुण्याच्या सांडपाण्यावर शेवाळ, आणि तेही एका जुन्या घरच्या कारखान्यात, हे त्यांना बघायचंय. आवडलं तर ते मोठं बांधतील. इथेच बांधतील. पहिलं तेल दादाच्या बॉयलरला."

थोरली सून वाढता वाढता थांबली. थोरला खाली बघून जेवत राहिला. मी उठून हात धुतले. त्याच वेळी ताटल्या रस्त्यावर फेकायला हव्या होत्या असं आता शेजारची शहाणी माणसं सांगतात. त्यांची पोरं कधी काही बनवत नाहीत, म्हणून त्यांना सांगायला सोपं जातं.

पावडर बंद झाल्यापासून चादरी पिवळट निघत होत्या. आता धुलाईतल्या कुठल्याही बाईला विचारा, चादर पिवळट दिसली तर काय करायचं. ती म्हणेल, नीळ वाढवा. थोरल्या सुनेला हे मीच शिकवलेलं. तिने मला न विचारता, मला त्रास नको म्हणून, नीळ वाढवली. पण आमच्या चादरींवर नुसता पिवळेपणा नव्हता. खालच्या ताटल्यांमधून वाफेबरोबर जे काय वर येत होतं त्याची हिरवी झाक त्यांच्यावर बसत होती, इतकी पुसट की रोज बघणाऱ्याला कळू नये. त्यावर जादा निळीचं पाणी चढलं. सुनेला वाटलं कमी पडली, तिने आणखी घातली.

आणि मी ते दारात धरून बघितलं नाही का? बघितलं. पण त्या मागच्या दाराबाहेर आता हिरवे हौद होते. त्यांच्यावरून उजेड यायचा. त्या उजेडात सगळंच हिरवट दिसायचं, माझे हातसुद्धा.

इस्पितळाच्या मेट्रनबाई स्वतः आल्या. गठ्ठा परत घेऊन. आमची ओळख जुनी, दोघीही तोंडाच्या तिखट, म्हणून जमायचं. त्यांनी एक चादर रस्त्याकडच्या पायरीवर, उघड्या उन्हात पसरली.

"हा कुठला रंग, बाई?"

मी बघितलं. उन्हात ती तळ्याच्या तळासारखी दिसत होती.

"वास घ्या," त्या म्हणाल्या.

"नको. माझं नाक आहे जागेवर."

"एका पेशंटने विचारलं, माझ्या आधी यावर कोण मेलं. मी काय सांगू त्याला?" मग त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "वर साहेबलोक कधीपासून दुसरीकडे काम द्या म्हणताहेत. मी तुमच्यासाठी भांडते. हा गठ्ठा परवा सकाळी न्यायला येते. पांढरा असला तर माझा शब्द राहील. नसला तर मी भांडणार नाही."

थोरल्या सुनेने तिथल्या तिथे रडायला सुरुवात केली. मी तिला म्हटलं, "रडून नीळ निघत नाही. पाणी तापव."

मी वरच्या फळीवरून पावडरचा डबा काढायला गेले, तर धाकटा फळीपाशी उभा. त्याने सगळं ऐकलं होतं.

"आई, पाहुणेही परवाच येताहेत. दुपारी."

"येऊ दे. चहा देईन."

"ही पावडर पाण्यात गेली की उद्या हौदात काही जिवंत नसेल."

"मोरी फोडू या," थोरला म्हणाला. तो बॉयलरकडून घाईने आला होता, हातात घण तसाच.

"फोडून काय होणार, दादा? पाइप खालून कापलाय. पाणी भिंतीखाली जाईल." धाकट्याचा आवाज चिरकला. "दुसरा रस्ताच ठेवला नाही मी."

"ते दिसतंय," मी म्हटलं. "बाजूला हो."

"दोनच दिवस थांब. त्या बाईंना सांग—"

"काय सांगू? आजाऱ्यांनो, दोन दिवस तळ्यात झोपा, माझ्या मुलाकडे पाहुणे आहेत?"

"इस्पितळ तरी तुला किती दिवस ठेवणार आहे? आज तू चादरी पांढऱ्या करशील, उद्या तेही मशीन घेतील. तू जे वाचवतेयस ते संपलेलंच आहे. मी पुढचं करतोय. तुमच्यासाठीच करतोय."

हे तो मला दुखवायला बोलला नाही. तेच जास्त लागलं. त्याने हिशेब करून ठेवला होता आणि त्या हिशेबात आम्ही आधीच गेलेले होतो.

"पुढचं तू बघ," मी म्हटलं. "माझ्या दारात आज बारा बायका उभ्या आहेत, त्यांना मी पुढचं खायला घालू शकत नाही."

तो हलला नाही. थोरला पुढे आला. त्याने घण खाली ठेवला आणि भावाच्या दंडाला नुसता हात लावला. "सरक रे."

"तुला हे कधी नकोच होतं, दादा."

"मला नको होतं?" थोरला म्हणाला. तो कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. "लाकूड कोण फोडतं, साहेब? या घरात माझ्याइतकं ते कुणाला हवं होतं?"

धाकटा बाजूला झाला. मी डबा उघडला आणि जितकी घालायची तितकी घातली, एक चिमूट कमी नाही. ताटल्या थोरल्या सुनेने बाहेर काढल्या, एकीवर एक रचून. रात्र होण्याआधी सगळा गठ्ठा दोनदा धुऊन निघाला होता. पाणी पाइपातून मागे जात होतं, त्याचा आवाज मला ऐकू येत होता. धाकटा मागच्या कठड्यावर बसून होता. मी त्याला जेवायला हाक मारली. आला नाही.

सकाळी हौद भांडी धुतलेल्या पाण्यासारखे दिसत होते. वर करडी साय, खाली गाळ. मी कधी घासून घासूनही हौद इतके निर्जीव केले नव्हते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, ठरल्याप्रमाणे, मेट्रनबाई आल्या, एक चादर काढून पायरीवर धरली, दुसरी काढली नाही. "हं," म्हणाल्या. माझ्यासाठी तेवढं खूप होतं.

दुपारी पाहुणे आले. स्वच्छ बुटांची तीन माणसं. मी म्हटल्याप्रमाणे चहा दिला. धाकट्याने त्यांना ते मेलेले हौद दाखवले. मला वाटलं होतं आता तो तोंड कुठे लपवेल. पण तो हात हलवून बोलत होता, बॉयलर दाखवत होता, मोरी दाखवत होता. एकदा त्याने माझ्याकडे बोट केलं, तेव्हा ती तिघं वळली आणि हसली. तिरस्काराने नाही. मजेदार म्हातारी बघितल्यावर हसतात तसं. मग त्यातल्या एकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यांना हौद नको होते. त्यांना तो हवा होता. हे त्यांना दोन दिवस आधी कळवता आलं असतं, तर आमच्या घरातले काही शब्द वाचले असते.

निघताना त्याची बॅग थोरल्याने उचलून दिली. आमच्यात घरातून निघणारा माणूस 'येतो' म्हणतो. धाकटा म्हणाला, "जातो, आई." मी म्हटलं, "जा." त्याची जीभ माझ्यावरच गेलेली, मग माझी तरी मऊ कशी असणार.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. थंडी सरता सरता मेट्रनबाई परत आल्या. गठ्ठा नव्हता. पर्समधून एक घडी काढून माझ्या हातात दिली. कांद्याच्या सालीसारखं काहीतरी पातळ. चादर म्हणे.

"वापरायची आणि फेकायची," त्या म्हणाल्या. "वरून हुकूम आलाय. मी भांडले, बाई."

मी सवयीने ती दारात उजेडासमोर धरली. पांढरी होती. माझ्या चादरींपेक्षा पांढरी. न धुता.

धाकट्याचंच खरं झालं, असं थोरली सून म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. मी तिला काही बोलले नाही. म्हणजे तिच्या लक्षात राहील इतकंच बोलले.

आता आमच्याकडे दवाखान्यांचे कोट येतात आणि कोपऱ्यावरच्या न्हाव्याचे टॉवेल. बायका दोनच उरल्या. परवा सुनेने पेपर आणून माझ्यासमोर टाकला. धाकट्याचा फोटो. मागे काचेच्या उंच नळ्या, आत हिरवं, तो जाडसर झालाय, चष्मा लागलाय. नळ्यांनी अजून कुणाचा बॉयलर पेटवल्याचं मी ऐकलेलं नाही, पण फोटोत छान दिसतात.

"वाच," मी म्हटलं. मलाही वाचता येतं, पण बारीक अक्षरं मी दुसऱ्याकडून वाचून घेते.

तिने वाचलं. भविष्यातलं इंधन वगैरे. मग: "सुरुवातीचा प्रयोग एका जुन्या धुलाईखान्यात यशस्वी होत आला होता, पण घरगुती अपघातामुळे तो थांबवावा लागला."

"घरगुती अपघात म्हणजे?"

"तुम्ही, आई," सून पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाली.

थोरला दारात राखेची पाटी घेऊन उभा होता. त्याने पाटी ठेवली, आत गेला आणि फळीवरची एक छोटी बाटली घेऊन आला. पावडरच्या डब्यामागे ती इतकी वर्षं तशीच होती. त्या सगळ्या ताटल्यांमधून, त्या सगळ्या लाकडातून, धाकट्याने काढलेलं तेल. औषधाच्या बाटलीएवढं. काळपट हिरवं.

"एकदा बघू?" त्याने मला विचारलं. केस पांढरे व्हायला लागलेला माणूस, पण जत्रेत पोराने पाळण्याकडे बोट करून विचारावं तसं विचारलं.

"बघ."

बॉयलर थंड होता, न्हाव्याचे टॉवेल भिजत पडले होते. त्याने एक चिंधी घेतली, सगळी बाटली तिच्यावर उपडी केली, चिंधी आत ठेवली आणि काडी ओढली. मी त्याच्या मागे उभी राहिले. मला वाटलं फुसफुसेल, वास येईल, धूर होईल, आणि मी काहीतरी बोलेन.

ते पेटलं. चांगलं पेटलं. पिवळी, उंच, सरळ ज्योत, फार धूरही नाही. थोरल्याचं तोंड उजळलं. चिंधी कडेने काळी होत आत गोळा झाली, ज्योत खाली बसली आणि विझली.

"खरं बोलत होता तो," थोरला म्हणाला.

"खोटं म्हटलं होतं का मी कधी?"

तो थोडा वेळ त्या राखेकडे बघत बसला. मग मागे वळून लाकूड घेतलं, कारण टॉवेल थांबले होते.